चार सुया आणि एक टाच

इंजिनिअरिंगच्या मुलाला अभ्यासाव्यतिरिक्त काय येतं, असं विचारलं तर उत्तरं ठरलेली असतात. क्रिकेट येतं, गिटारच्या तीन कॉर्ड्स येतात, रात्री दोन वाजता मॅगी करता येते आणि सबमिशनच्या आदल्या रात्री दुसऱ्याचं जर्नल अक्षरासकट उतरवता येतं. या यादीत मी माझी एक भर घालतो. मला पायमोजे विणता येतात. चार सुयांवर, गोल, कुठेही शिवण न घालता.

हे पहिल्यांदा होस्टेलवर कळलं तेव्हा आमच्या विंगमध्ये दोन दिवस दुसरा विषय नव्हता. मला 'काकू' हे नाव पडलं, ते आजतागायत चालू आहे. कोणी विचारलं, "काकू, स्वेटर कधी देताय?" कोणी म्हणालं, "अरे, रायगडच्या किनाऱ्यावर राहतोस, इथे बनियन अंगावर सहन होत नाही, आणि तू मोजे कसले विणतोस?" प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे हिवाळा म्हणजे डिसेंबर-जानेवारीतल्या काही पहाटा. बाकी वर्षभर घाम आणि पाऊस. शंभर रुपयांत तीन जोड मोजे रस्त्यावर मिळतात. मग हा उद्योग कशासाठी? उत्तर एका ओळीत देता येत नाही, म्हणून हा लेख.

आधी वस्तू काय आहे ते बघू. आपण अंगात घालतो तो शर्ट विणलेला असतो म्हणजे मागावर. त्यात उभे आणि आडवे असे दोन धागे एकमेकांना छेदून जातात. मोजा तसा नसतो. मोज्यात धागा एकच. त्याचा एक फास, त्या फासातून दुसरा फास, त्यातून तिसरा. गाठ कुठेही नाही. म्हणून मोजा ताणला की ताणतो, सोडला की परत जागेवर येतो. आणि म्हणूनच एक टाका सुटला की खालपर्यंत शिडी पडत जाते. टाके दोनच, सुलट आणि उलट. खरं म्हणजे एकच, कारण सुलट टाका मागून पाहिला की उलट दिसतो. शून्य आणि एकावर सगळा कॉम्प्युटर चालतो हे आपल्याला पहिल्या वर्षी कौतुकाने सांगतात. माझी आजी दोन टाक्यांवर सबंध घराचे पाय झाकत आली आहे.

मोजा वरून खाली विणतात. तीन सुयांवर टाके वाटून घ्यायचे, चौथ्या सुईने विणत गोल फिरायचं. वरचा पट्टा एक सुलट, एक उलट. त्यामुळे तो पोटरीला धरून राहतो. मग साधं सुलट विणत घोट्यापर्यंत यायचं. इथपर्यंत ही नुसती नळी असते. आणि मग येते टाच.

इंजिनिअरिंग ड्रॉइंगमध्ये आपण सिलिंडर आणि कोनचं डेव्हलपमेंट काढतो. कागद कापून गुंडाळला की आकार तयार. पण गोलाचं तसं करता येत नाही. सपाट कागदाला कुठेतरी सुरकुती पडते किंवा तो फाटतो. माणसाची टाच ही अशीच दोन्ही बाजूंनी वळलेली गोष्ट. शीट मेटलमध्ये तिथे कापावं, ठोकावं लागेल. विणकामात कापायचं नसतं. एकूण टाक्यांपैकी निम्मे टाके घेऊन आधी टाचेमागची चौकोनी पट्टी विणायची. मग मधल्या काही टाक्यांवरच पुढे-मागे फिरायचं, दर फेरीला कडेचा एक टाका आत ओढून घ्यायचा. कडेच्या मानाने मध्ये ओळी जास्त होतात, आणि जास्तीच्या ओळींना जागा नसल्यामुळे कापड आपोआप वाटीसारखं फुगतं. याला टाच वळवणं म्हणतात. हे हातात पहिल्यांदा घडतं तेव्हा खरोखर अंगावर काटा येतो. पाच मिनिटांपूर्वी सपाट असलेली पट्टी वाटी झालेली असते, आणि आपण फक्त सुलट-उलट करत होतो.

हे मी शिकलो २०२० च्या जून महिन्यात, श्रीवर्धनला. त्या वर्षी माझी दहावी. आमच्या बॅचचा भूगोलाचा पेपर लॉकडाऊनमुळे रद्द झाला होता आणि आम्ही त्याचा आनंद करत होतो. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आलं आणि भूगोल घरीच शिकवून गेलं. दुपारभर वारा नुसता रडत नव्हता, तो ढकलत होता. संध्याकाळी दार उघडलं तेव्हा वाडी नव्हती. नारळ मुळासकट आडवे, सुपारी मधोमध मोडलेल्या. श्रीवर्धनची रोठा सुपारी नावाजलेली. आमच्याकडे तीच होती. सुपारीचं रोप लावल्यापासून फळाला यायला सहा-सात वर्षं जातात. आजोबा तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. त्यांनी मनातल्या मनात बेरीज केली असणार. ते ओट्यावर बसले आणि पुढचे कितीतरी दिवस फारसं बोललेच नाहीत.

आमच्या आळीत महिनाभर वीज नव्हती. फोन चार्ज करायला एकाच्या जनरेटरपाशी रांग. करोनामुळे कोणाकडे जायची सोय नाही. कौलं गेलेल्या खोलीवर ताडपत्री, आणि वर मृगाचा पाऊस. दिवसभर मोडलेली झाडं तोडून बाजूला करायची आणि सातला अंधार. त्या अंधारात आजीने एकदा ट्रंकेतून जुन्या सुया काढल्या आणि म्हणाली, "इकडे ये रे. तुला एक काम देते."

आजीच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता. ऑपरेशन मार्चमध्ये ठरलेलं, ते पुढे ढकललं गेलं होतं. त्यामुळे ती बघून काही शिकवू शकत नव्हती आणि कंदिलाच्या उजेडात मलाही धड दिसत नव्हतं. ती माझ्या हातातलं विणकाम घ्यायची, अंगठ्याने सुईवरून हळूच फिरवायची आणि सांगायची, "इथे तेवीस आहेत. एक कुठे गेला?" आपण कॅलिपर लावून जे मोजतो ते ती अंगठ्याने मोजायची. "डोळ्यांवर नको विसंबूस. टाका हाताला सांगतो कसा आहे ते."

"तुला मोजे कोणी शिकवले?" मी विचारलं. श्रीवर्धनात लोकरीच्या मोज्यांचं काय काम? तर आजी माहेरची पुण्याची. १९६२ साली ती अकरावीत होती, तेव्हाची मॅट्रिक. ऑक्टोबरमध्ये चीनचं युद्ध सुरू झालं. आपले जवान सुती गणवेशात आणि कॅनव्हासच्या बुटांत हिमालयावर चढले होते, हे आज आपण पुस्तकांत वाचतो. तेव्हा ते घरोघर कळलं होतं. देशभर बायका-मुलींनी जवानांसाठी स्वेटर, मफलर, मोजे विणायला घेतले. आजीच्या शाळेतही लोकर आली, मिलिटरी हिरवी. बहुतेक मुलींनी मफलर घेतले, कारण मफलर सोपा. शिवणाच्या बाईंनी विचारलं, मोजे कोण करतं? आजीने हात वर केला. तेव्हा तिला मोजे येत नव्हते. बाईंनी आठ दिवसांत शिकवले. तिचे तीन जोड झाले. चौथ्याची टाच वळवत असताना, २१ नोव्हेंबरला, युद्ध थांबलं. ते मोजे कोणाच्या पायात गेले, पोचले की वाटेत राहिले, हे तिला कधीच कळलं नाही. साठ वर्षं होत आली तरी तिने एवढंच विचारलं, "त्याला टाचेला टोचले तर नसतील ना रे?"

त्या पावसाळ्यात माझा एक जोड पुरा झाला. आजोबांसाठी. वर्धमानच्या लोकरीची जुनी लडी होती, करडी. तो जोड त्यांनी जुलैच्या उकाड्यात पायात घातला, ओट्यावर पाय पुढे करून बघत बसले आणि म्हणाले, "बरे झालेत." वादळानंतर घरात पुरी झालेली ती पहिली वस्तू. बाकी सगळं अर्धवट होतं. कौलं अर्धी, पंचनामा अर्धा, वाडी साफ करणं अर्धं. दुसऱ्या दिवशी आजोबा रोपांची चौकशी करायला बाहेर पडले. हे मोज्यांमुळे झालं असं मी म्हणणार नाही. पण मोज्यांनंतर झालं.

पुढे एकदा विणकाम घेऊन मी जीवना बंदरावर गेलो होतो. तिथे एक कोळी काका जाळं सांधत बसलेले. माझ्या हातातली अर्धवट नळी त्यांनी घेतली, आत हात घातला आणि हसले. "ही त डोलच हाय रं, बारकी!" मी बघतच राहिलो. डोल म्हणजे आपल्या किनाऱ्यावरचं पिशवीसारखं जाळं. तोंड मोठं, शेपटाकडे निमुळतं. तोंडाकडचे डोळे मोठे, शेवटाकडचे बारीक. भरती-ओहोटीच्या प्रवाहात ते रोवून किंवा नांगरून ठेवतात; पाणी जाळ्यातून जातं आणि बोंबील, जवळा, मांदेली शेवटच्या खोल्यात साठतात. निमुळतं करायला दर ठरावीक अंतरावर डोळे कमी करत जायचं, म्हणजे आपण मोज्याच्या पंजाला करतो तेच. फरक एवढाच, की जाळ्यात प्रत्येक डोळ्याला गाठ असते. माशाने किंवा खडकाने एक डोळा तोडला तरी शेजारचे जागेवर राहतात. मोज्याला गाठ नसते, म्हणून तो मऊ आणि लवचिक. पायाला मऊपणा हवा, समुद्राला गाठ. हल्ली जाळी कारखान्यात तयार होऊन येतात, नायलॉनची. पण फाटलेलं जाळं सांधायचं काम अजून हातानेच होतं, आणि ते करणारे बहुतेक पुरुष असतात. तिथे कोणी कोणाला काकू म्हणत नाही.

पुरुषांवरून आठवलं. मोजे विणण्याचं पहिलं यंत्र १५८९ साली इंग्लंडमध्ये विल्यम ली नावाच्या माणसाने केलं. नॉटिंगहॅमजवळच्या कॅलव्हर्टन गावचा तो. हाताने विणताना एका वेळी एक टाका होतो. त्याने प्रत्येक टाक्याला एक आकडेदार सुई दिली आणि सबंध ओळ एकदम विणली. राणी एलिझाबेथने त्याला पेटंट नाकारलं. हाताने विणून पोट भरणाऱ्या लोकांचं काय होईल, ही चिंता त्यामागे होती असं सांगतात. तो फ्रान्सला गेला आणि तिथेच वारला. पण त्याच्या यंत्रातून पुढे सगळा होजियरी उद्योग उभा राहिला. यंत्राआधीचा इतिहास त्याहून लांबचा. इजिप्तमध्ये विणलेले निळे-पांढरे मोजे सापडले आहेत, ते सुमारे हजार वर्षांपूर्वीचे, आणि त्यांतले बरेच चक्क सुती आहेत. म्हणजे मोजा ही थंड देशाचीच मिरास नाही. अलीकडचं सांगायचं तर जपानच्या शिमा सेकी कंपनीने १९९५ साली सबंध कपडा एकही शिवण न घालता विणणारं यंत्र बाजारात आणलं. त्या कंपनीची सुरुवात हातमोजे विणणाऱ्या यंत्रांपासून झाली होती. वर्कशॉपच्या सरांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी माझा विणकामाचा कागद मागून घेतला. 'सु ७, २ ए, सु १, वळा' असं लिहिलेलं. त्यांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, "अरे, हा तर सीएनसीचा प्रोग्राम आहे. लूपसुद्धा आहे यात."

आता ज्या जोडीसाठी हा लेख लिहायला घेतला तिच्याकडे येतो. २०२३ च्या जुलैमध्ये ताईला आठव्या महिन्यातच दवाखान्यात न्यावं लागलं. पाऊस असा की घाटात गाड्या थांबलेल्या. मुलगी झाली, वजन १७०० ग्रॅम. आपल्याकडे अडीच किलोच्या आतलं बाळ कमी वजनाचं धरतात. ही त्याच्याही कितीतरी खाली. मी पोचलो तेव्हा ती काचेच्या पेटीत होती. सिस्टर म्हणाल्या, "टोपडं आणि मोजे आणा. मोजे तिच्या मापाचे बाहेर मिळणार नाहीत."

हीट ट्रान्सफर आपल्याला पुढे शिकवतात. मला ते त्या काचेपाशी कळलं. वस्तू जितकी लहान, तितकं तिच्या वजनाच्या मानाने पृष्ठफळ जास्त, आणि उष्णता पृष्ठभागातून जाते. लवकर जन्मलेल्या बाळाच्या अंगावर चरबीचा थर नसतो, कुडकुडून ऊब तयार करणंही त्याला जमत नाही. बाहेर आपल्याला घाम येत असतो आणि ते बाळ गार पडू शकतं. अशा बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून ठेवायची पद्धत आहे, कांगारू मदर केअर. ती १९७८ च्या सुमारास कोलंबियातल्या बोगोटा शहरात सुरू झाली, कारण तिथे काचेच्या पेट्या पुरत नव्हत्या. आईचं अंग हीच पेटी. बाळाच्या अंगावर तेव्हा तीनच गोष्टी असतात: लंगोट, टोपडं आणि पायमोजे.

आमच्याकडे बाळंतविडा करायची रीत आहे. टोपडं, कुंची, दुपटं, मोजे, सगळं आजी, मावश्या, आत्या करतात. पण तो सवडीने होतो. इथे सवड नव्हती. मी आजीला फोन लावला. ऑपरेशन होऊन तिला आता नीट दिसत होतं. तिने सगळ्यात आधी विचारलं, "पाऊल केवढं आहे?" सिस्टरनी मापून सांगितलं: टाचेपासून अंगठ्यापर्यंत सात सेंटीमीटर. आजी क्षणभर गप्प राहिली. मग तिचा आवाज एकदम शिवणाच्या बाईंसारखा झाला. "लिहून घे. लोकर नको. दवाखान्यात उकळून धुवायला सांगतील, लोकर आटते. बारीक मऊ सूत आण. चोवीस टाके घाल. टाचेला बारा घे, बारा ओळी कर. वळवशील तेव्हा बाराचे आठ उरतील. दोन्ही कडांचे सहा-सहा उचल आणि मग कमी करत परत चोवीसवर ये. आणि ऐक, आतून एकही धागा सुटा ठेवू नकोस. बाळाच्या बोटाला गुंडाळला तर रक्त थांबतं. मोजा उलटा करून स्वतःच्या करंगळीने तपास."

त्या रात्री दवाखान्याच्या बाकावर मी दोन्ही मोजे विणले. पहाटे चारला दुसरा पुरा झाला. शेजारच्या बाकावर एक आजोबा बसले होते, त्यांची सून आत होती. रात्रभर ते माझ्या हातांकडे बघत होते. शेवटी म्हणाले, "आमच्या बाळाला होतील का असे?" सूत उरलं होतं. सकाळी दहापर्यंत त्यांचाही जोड झाला.

मोज्यांनी कोणी वाचलं असं मी सांगणार नाही. डॉक्टर होते, सिस्टर होत्या, तासन्‌तास छातीशी बाळ धरून बसलेली ताई होती. पण रोज सकाळी वजनाचा आकडा ऐकायचा, आधी उतरलेला, मग थांबलेला, मग वीस-वीस ग्रॅमने चढणारा, आणि त्या वेळात हाताला काहीतरी काम असणं ही किती मोठी गोष्ट आहे, ते बाकावर बसलेल्यालाच कळतं. काहीच करता येत नाही अशा जागी मला चोवीस टाके करता येत होते. तेवीसाव्या दिवशी मुलगी घरी आली. आता ती श्रीवर्धनच्या अंगणात पळते आणि मोजे पायात एक मिनिट ठेवत नाही. तिचा तो पहिला जोड आजीच्या ट्रंकेत आहे. आजीच्या अंगठ्यात तो घट्ट बसतो.

होस्टेलवर आता काकूंचा वर्ग भरतो. आमच्या खोलीतला नांदेडचा पार्टनर मॅथ्सच्या पेपरच्या आधी झोप लागत नाही म्हणून रात्री दहा ओळी विणतो. त्याचा मफलर सध्या दरवाजापर्यंत पोचला आहे आणि थांबायचं कसं ते त्याला शिकायचं नाही. वॉचमन मामांनी नातवासाठी टोपडं मागितलंय. त्यांच्या गावी, वर घाटावर, खरी थंडी असते.

मी माझ्या हिशेबाने मोजलंय, मोठ्या माणसाच्या एका मोज्यात साधारण दहा हजार टाके असतात. माझ्या वेगाने आठ-नऊ तास. पहिला मोजा कोणीही हौसेने करतो. तो झाला की वाटतं, झालं. आणि मग लक्षात येतं की पाय दोन असतात. तेच दहा हजार टाके, तीच टाच, आता नवल काही नाही, पुन्हा पहिल्यापासून. विणणाऱ्या माणसाची ओळख त्या दुसऱ्या मोज्याला होते, असं आजी म्हणते. ज्या कोणाला शिकायचं असेल त्याने जेवणानंतर आमच्या विंगमध्ये यावं. सुया माझ्याकडे जास्तीच्या आहेत. लोकर आपापली आणावी, आणि दोन मोज्यांना पुरेल एवढी आणावी.